जुन्या रिव्हॉल्व्हरची पारख

खंडेनवमीच्या दिवशीं पुण्यांतील जुन्या घरांतून पाटावर जीं शस्त्रें मांडलीं जातात, त्यांची कोणी यादी केली तर ती मोठी मौजेची होईल. एखादी म्यानांत अडकून बसलेली तलवार, विळी, कोयता, अडकित्ता, घरांत कोणी वैद्यकी करीत असल्यास त्याची कात्री, आणि शेवटीं लेखणी. आमच्या घरीं या मेळ्यांत आणखी एक पाहुणा असे. तें एक लहानसें, काळसर रंगाचें, कठीण रबराच्या मुठीचें वेब्ली रिव्हॉल्व्हर. आमचे आजोबा महसूल खात्यांत फिरतीच्या नोकरीवर होते. त्यांनीं तें १९३४ सालीं रीतसर परवाना काढून विकत घेतलें. निशाणाच्या फळीवर त्यांनीं त्यांतून फार तर पन्नास गोळ्या झाडल्या असतील. जिवंत प्राण्यावर एकही नाहीं. वर्षांतून एकदां तें कुलुपांतून बाहेर निघे. प्रथम तें उघडून, आंत कांहीं नाहीं अशी सर्वांच्या देखत खात्री केली जाई. मग त्यावरून तेलाचें बोट फिरे, झेंडूचें फूल वाहिलें जाई, आणि दसऱ्याच्या सकाळीं तें पुन्हां आपल्या जागीं जाई.

शस्त्राविषयीं अशी माया बाळगणें सुशिक्षित माणसास शोभतें काय, असा प्रश्न कांहीं वाचक विचारतील. प्रश्न रास्त आहे, आणि ज्या शहरांत आम्ही हें लिहीत आहों त्या शहरांत तर तो अधिकच रास्त आहे. त्याचें उत्तर आम्ही टाळणार नाहीं. परंतु माया योग्य कीं अयोग्य हें ठरविण्यापूर्वीं, जिच्याविषयीं ती वाटते ती वस्तु काय आहे, आणि ती आपल्या घरांत कोणत्या वाटेनें आली, हें पाहिलें पाहिजे.

एकाच नळीमागें अनेक कप्प्यांची फिरती कोठी बसवावी, म्हणजे पुन्हां पुन्हां ठासण्याचा खटाटोप वांचेल, ही कल्पना नवी नव्हे. तोड्याच्या बंदुकींच्या काळांतच ती कारागिरांना सुचली होती, आणि हिंदुस्थानांत घडलेल्या तशा बंदुकींचे नमुने आजही संग्रहालयांतून पाहावयास मिळतात. अडचण कल्पनेची नव्हती, नेमकेपणाची होती. प्रत्येक कप्पा नळीच्या अगदीं समोर येऊन तेथेंच घट्ट थांबला पाहिजे. तो केसभर ढळला तर गोळी नळीच्या कडेवर आदळावयाची. अमेरिकेंत सॅम्युएल कोल्ट यानें १८३६ सालीं जें पेटंट घेतलें, त्यांत घोडा चढवितांच कोठी एक घर पुढें सरकून जागच्या जागीं अडकावी अशी योजना होती. १८५१ च्या लंडन येथील महाप्रदर्शनांत कोल्टचीं पिस्तुलें आणि रॉबर्ट अ‍ॅडम्स या इंग्रज कारागिराचीं पिस्तुलें समोरासमोर मांडलीं गेलीं. कोल्टच्या पिस्तुलाचा घोडा प्रत्येक वेळीं आंगठ्यानें चढवावा लागे. अ‍ॅडम्सचें पिस्तूल नुसता चाप ओढतांच उडे, पण त्या ओढीला जोर फार लागून नेम ढळे. १८५६ सालीं ब्यूमाँट नांवाच्या अधिकाऱ्यानें या दोन्ही सोयी एकाच यंत्रांत आणल्या. १८५७ च्या धामधुमींत इंग्रज अधिकाऱ्यांच्या कमरेस हींच हत्यारें होतीं. तीं भरणें मात्र अजून जिकिरीचें होतें. प्रत्येक कप्प्यांत दारू, गोळी आणि मागें टोपी अशी तिहेरी तयारी करावी लागे. पितळी काडतूस आलें तेव्हां ही जिकीर संपली. बर्मिंगहॅमच्या वेब्ली कंपनीचें रिव्हॉल्व्हर १८८७ सालीं इंग्रज लष्करानें स्वीकारलें. त्याची कडी आंगठ्यानें दाबली कीं तें बिजागरीवर मधोमध मोडून उघडे आणि सहाही काडतुसें एकदम बाहेर फेंकलीं जात. आमच्या पाटावरील पाहुणा याच कुळांतला, पण .३२ बोअरचा, घरगुती माप असलेला.

आतां हें शस्त्र पुण्यांत कसें नांदलें तें पाहूं. पेशवाईंत शिलेदार स्वतःचा घोडा आणि स्वतःचें हत्यार घेऊन चाकरीस येई. बारगिरास या गोष्टी सरकारांतून मिळत. म्हणजे शस्त्र हें एकाचें भांडवल होतें आणि दुसऱ्याचें चाकरीचें साधन. तें घरांत असणें यांत कोणास नवल वाटत नसे. १८१८ सालीं राज्य गेलें, आणि पुढें साठ वर्षांनीं लॉर्ड लिटन यांच्या कारकीर्दींत १८७८ चा अकरावा कायदा, म्हणजे हत्यारांचा कायदा झाला. त्याच वर्षीं देशी भाषांतील वृत्तपत्रांचीं तोंडें बांधणारा कायदाही झाला. या दोहोंतील वृत्तपत्रांचा कायदा लॉर्ड रिपन यांनीं लवकरच रद्द केला. हत्यारांचा मात्र स्वातंत्र्यानंतरही पंधरा वर्षें टिकला. त्याचा कांटा केवळ परवान्याच्या अटींत नव्हता. युरोपियनांना त्यांतून सूट होती आणि एतद्देशीयांना परवाना मागावा लागे, ही त्यांतील बोचणी होती. काँग्रेसच्या आरंभींच्या अधिवेशनांतूनच या भेदाविरुद्ध ठराव होऊं लागले. पहिल्या महायुद्धानंतर नियमांतील हा वर्णभेद काढण्यांत आला. शिलेदाराचें भांडवल अशा रीतीनें सरकारच्या मर्जीची खूण होऊन बसलें. ज्याच्यापाशीं परवाना तो भरंवशाचा मनुष्य, असा त्याचा अर्थ होऊं लागला. आणि आमच्या आजोबांच्या पिढींतील कित्येकांनीं रिव्हॉल्व्हर घेतलें तें चोरांच्या भयानें जितकें, तितकेंच या भरंवशाच्या खुणेसाठीं घेतलें, हें कबूल केलें पाहिजे. यांतील विसंगति पुण्याइतकी कोठेंच ठसठशीत नव्हती. शहराच्या वेशीवर खडकीस १८६९ पासून सरकारी कारखान्यांत काडतुसें तयार होत होतीं, आणि शहरांतील गृहस्थास एक काडतूस बाळगावयाचें तर कागद लागत होता.

ज्यांना तो कागद मिळणें शक्य नव्हतें, किंवा ज्यांना तो नको होता, त्यांचा इतिहास वेगळा आहे. २२ जून १८९७ च्या रात्रीं, राणीच्या राज्यारोहणाचा हीरक महोत्सव साजरा करून गणेशखिंडींतून परतणाऱ्या रँड व आयर्स्ट या अधिकाऱ्यांवर चापेकर बंधूंनीं गोळ्या झाडल्या. प्लेगच्या बंदोबस्तांत घराघरांतून झालेल्या जुलुमाचा तो सूड होता. पुढें दामोदर, बाळकृष्ण व वासुदेव हे तिघेही भाऊ आणि त्यांचे सोबती रानडे फांसावर गेले. २२ जुलै १९३१ रोजीं फर्ग्युसन महाविद्यालयाच्या वाडिया ग्रंथालयांत वासुदेव बळवंत गोगटे या विद्यार्थ्यानें हंगामी गव्हर्नर सर अर्नेस्ट हॉटसन यांच्यावर अगदीं जवळून दोन गोळ्या झाडल्या. हॉटसन वांचले, गोगटे तुरुंगांत गेले. या दोन्ही प्रसंगांची आठवण पुणेकर अभिमानानें काढतात. परंतु ३० जानेवारी १९४८ रोजीं दिल्लीस महात्माजींवर ज्यानें पिस्तूल रोखलें, तोही याच शहरांतून गेला होता, आणि त्यानंतर येथील कित्येक निरपराध घरांना लोकक्षोभाची झळ लागली, ही आठवण मात्र आपण हलक्या आवाजांत काढतों. यंत्र एकाच जातीचें. तें कोणाच्या हातीं आलें आणि कोणावर रोखलें गेलें, एवढ्यावरून त्याचें नांव बदलतें. म्हणून रिव्हॉल्व्हरची माया बाळगणारानें एवढें तरी पथ्य पाळावें कीं, त्याच्या घडणीचें कौतुक करतांना तें कशासाठीं घडलें हें विसरूं नये. तें माणूस मारण्यासाठीं घडलें. ज्याला हें उच्चारवत नाहीं त्यानें तें हातांत धरूं नये.

एवढें बोलून झाल्यावर पारखीकडे वळावयास हरकत नाहीं. जुन्या रिव्हॉल्व्हरचा रसिक प्रथम चकाकी पाहत नाहीं. तो अक्षरें पाहतो. नळीवर व कोठीवर मुकुटाखालीं बारीक अक्षरें ठोकलेलीं असतात. बर्मिंगहॅमला १८१३ पासून हत्यारांची कसोटी घेणारें स्वतंत्र घर आहे. तेथें नेहमींपेक्षां जादा भार भरून हत्यार उडवून पाहत, आणि तें टिकलें तरच ही मोहोर बसे. चौकटीवर अनुक्रमांक असतो; तो कोठीवरील अंकाशीं जुळला तर दोन्ही भाग जन्मापासून एकत्र आहेत असें समजावें. कधीं वरच्या पट्टीवर विकणाऱ्या दुकानदाराचें नांव कोरलेलें आढळतें. मग झिजेकडे पाहावें. नळीच्या तोंडाशीं निळाई उडालेली असेल तर हत्यार चामड्याच्या म्यानांतून पुष्कळ वेळां आंतबाहेर झालें आहे; मुठीची एकच बाजू गुळगुळीत झाली असेल तर मालकाची संवय कळते. कोठी बाहेरून झिजलेली पण आंतून स्वच्छ असेल, तर तें पुष्कळ मिरविलें गेलें आणि थोडें उडविलें गेलें. आमचें रिव्हॉल्व्हर या जातीचें होतें. आजोबा फिरतीवर तें बाळगीत, एवढेंच त्याच्या अंगावर लिहिलेलें होतें.

निगा राखण्याचें शास्त्रही सोपें आहे, पण तें संयमाचें आहे. पुण्याचा उन्हाळा शस्त्राला मानवतो. पावसाळा मात्र त्याचा वैरी. सर्वांत मोठी चूक म्हणजे हत्यार त्याच्या चामड्याच्या म्यानांतच ठेवून देणें. चामडें ओल धरतें, त्यांत कमावणीचे क्षार असतात, आणि चार महिन्यांत म्यानाच्या शिवणीचा ठसा पोलादावर तांबेऱ्याच्या रूपानें उमटतो. दुसरी चूक स्वयंपाकघरांतील तेल वापरण्याची. खोबरेल किंवा गोडेतेल कालांतरानें घट्ट व चिकट होतें आणि आंतील कमान जड चालूं लागते. यंत्रांस घालतात तें पातळ खनिज तेल थोडेंसें लावावें आणि पुसून घ्यावें. घोडा चढवून ठेवूं नये. तांबडा, बोटास लागणारा गंज मऊ कापडानें व तेलानें हळूहळू काढावा. तपकिरी, मुरलेला, स्थिर झालेला रंग मात्र तसाच राहूं द्यावा, कारण तो आतां त्या पोलादाचाच भाग झालेला असतो. काळ्या दारूच्या काळांतील हत्यारांत आजचें जोरदार काडतूस घालून पाहण्याचा मोह तर कोणीच धरूं नये. त्यांत नळीपेक्षां हात जाण्याचा संभव अधिक. आणि कोणतीही मोठी दुरुस्ती परवाना असलेल्या कारागिराशिवाय दुसऱ्या कोणाकडून करवून घेणें हा गुन्हा आहे, हेंही लक्षांत असावें.

हें शहाणपण आम्हांस उशिरां आलें. आजोबांच्या पश्चात् परवाना आमच्या काकांच्या नांवें झाला. काका हौशी होते. खंडेनवमीस आलेल्या एका पाहुण्यानें ‘हें काय गंजकें हत्यार’ असें म्हटल्याचें त्यांच्या मनास लागलें, आणि त्यांनीं तें एका कारागिराकडे उजळावयास दिलें. कारागीर परवान्याचा होता व कामांत वाकबगारही होता. सांगितलें तें त्यानें चोख केलें. त्यानें तें घांसलें, घोटलें आणि वर निकेलचा मुलामा चढविला. रिव्हॉल्व्हर घरीं आलें तें चांदीच्या गुलाबदाणीसारखें लखलखत. काका महिनाभर खुशींत होते. पुढें एकदां भिंगांतून पाहूं लागलों तेव्हां कळलें कीं बर्मिंगहॅमची मोहोर अर्धी पुसली गेली आहे, नळीच्या तोंडाशीं असलेली म्यानाची झीज नाहींशी झाली आहे, आणि अनुक्रमांकाचे शेवटचे दोन आंकडे मुलाम्याखालीं बुजले आहेत. आजोबांचीं पंचवीस वर्षांची फिरती दोन दिवसांच्या घोटाईंत गेली. यांत दोष त्या कारागिराचा नव्हे. जुनें हत्यार नवें दिसलें म्हणजे तें दुरुस्त झालें, असें समजणाऱ्या आमचा तो दोष.

बुजलेल्या आंकड्यांचा खरा अर्थ मात्र काका गेल्यावर कळला. परवाना हा माणसाच्या नांवाचा असतो. माणूस गेला कीं शस्त्र बेवारशी होतें. तें त्वरित पोलीस ठाण्यांत किंवा परवानाधारक व्यापाऱ्याकडे जमा करावें लागतें, आणि ठरलेल्या मुदतींत वारसानें आपला हक्क कागदोपत्रीं सिद्ध केला नाहीं तर तें सरकारजमा होतें. सध्यांचा कायदा १९५९ चा असून तो १९६२ पासून अंमलांत आहे. पूर्वीं एका व्यक्तीस तीन हत्यारें बाळगतां येत. २०१९ च्या दुरुस्तीनें ती मर्यादा दोनावर आली, आणि वडिलोपार्जित म्हणून घेतलेल्या हत्यारासही ती लागूं आहे. त्याच कायद्यांत हत्यारावरील ओळखीचे अंक पुसणें वा बदलणें याला सक्त मनाई आहे. म्हणजे काकांच्या हौसेनें इतिहासाची जी हानि झाली, तीच कायद्याच्या दृष्टीनेंही आमच्या अंगाशीं येण्याच्या बेतांत होती. शस्त्राची ओळख जेथें लिहिलेली असते तेथेंच त्याचा इतिहासही लिहिलेला असतो, आणि एक खरवडलें कीं दुसरें जातें, हा धडा आम्हांस त्या दोन आंकड्यांनीं शिकविला.

घरांत मतें तीन पडलीं. धाकट्या बंधूंचें म्हणणें, जमा करावें आणि मोकळें व्हावें. ज्या घरांत लहान मुलें आहेत तेथें हें हवें कशाला? त्यांच्या बोलण्यांत तथ्य होतें. भगिनींनीं कायद्यांतील एक निराळें कलम दाखविलें. जुन्या घडणीचें, पुराणवस्तु म्हणून मोल असलेलें किंवा मोडकें हत्यार, जें दुरुस्तीनंतरही अग्निशस्त्र म्हणून वापरतां येणार नाहीं, त्याला हा कायदा लागूं नाहीं. तेव्हां नळींत पोलाद ओतून, घोड्याचें टोंक कापून तें कायमचें निकामी करावें आणि निर्धास्तपणें भिंतीवर लावावें, असें त्या म्हणाल्या. येथें रसिकाची खरी कोंडी होते. ज्याचें प्रत्येक चक्र आणि खुंटी चालती राहावी म्हणून तीन पिढ्यांनीं तेल घातलें, तें कायद्याच्या बाहेर पडावयाचें तर आधीं कधींही न चालण्याजोगें झालें पाहिजे. चालतें ठेवावें तर परवान्याची साखळी पिढ्यान् पिढ्या सांभाळावी लागते, आणि ती एका ठिकाणीं तुटली कीं सगळें गेलें. कायद्याचा यांत अन्याय आहे असें आम्हांस वाटत नाहीं. वर सांगितलेला या शहराचा इतिहास ज्याला ठाऊक आहे तो चालत्या रिव्हॉल्व्हरला शोभेची वस्तु म्हणणार नाहीं. कोडगू प्रांतांतील लोकांस १८६१ पासून बंदुकीच्या परवान्याची माफी आहे, आणि ते आपल्या सणांत बंदुकीची पूजा करतात, हें खरें. पण तेथें तें जमातीचें व्रत आहे. आपल्याकडे तें एकेका घराचें, कपाटांतलें गुपित आहे.

तिसरें मत आमचें होतें, आणि तें आम्हांस शुक्रवार पेठेंतील केळकर संग्रहालयांत सुचलें. दिनकर गंगाधर केळकर, म्हणजेच कवि ‘अज्ञातवासी’, यांचा मूळ धंदा चष्म्यांच्या दुकानाचा. पण त्यांनीं आयुष्यभर दिवे, अडकित्ते, दौती, वाद्यें, दरवाजे आणि शस्त्रें गांवोगांव हिंडून जमविलीं, अकालीं गेलेल्या आपल्या राजा या मुलाचें नांव त्या संग्रहास दिलें, आणि सारा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. तेथील शस्त्रें आणि बारुददान्या पाहतांना आमच्या लक्षांत आलें कीं, या वस्तूंपैकीं एकही आज आपलें मूळ काम करीत नाहीं. त्या दिव्यांत तेल नाहीं, त्या अडकित्त्याखालीं सुपारी नाहीं. तरी त्या मेलेल्या वाटत नाहींत, कारण त्या कोणी, कशा वापरल्या हें सांगणारा कोणी तरी होता. याच पुण्यांत भारत इतिहास संशोधक मंडळानें १९१० पासून बखरी आणि दप्तरें वाळवीच्या तोंडून सोडविलीं. त्या परंपरेंतील माणसानें आपल्या घरांतील हत्यारासंबंधीं एकही कागद जपूं नये, हें विचित्र खरें.

म्हणून आम्हीं कागद शोधले. आजोबांच्या पत्र्याच्या पेटींत, जमिनीच्या सात-बारांखालीं, १९३४ चा परवाना, दुकानदाराची पावती, आणि काडतुसें किती घेतलीं व किती उरलीं याची त्यांच्या हातची वही मिळाली. पावतीवर अनुक्रमांक पूर्ण होता. एका जाणत्यानें भिंगाखालीं तिरप्या उजेडांत मुलाम्याखालचे दोन आंकडे वाचून दाखविले. ते पावतीशीं जुळले. त्या दोन आंकड्यांच्या जोरावर वारसाचा अर्ज पुढें गेला, आणि घरांत लहान मूल नसलेल्या आमच्या एका चुलत भावाच्या नांवें परवाना झाला. त्यानें तो घेतला तो एका अटीवर : त्याच्यामागें कोणी घेणारा नसेल तर रिव्हॉल्व्हर कागदांसह एखाद्या संग्रहालयास देऊं करावें, आणि तेथें तें निकामी करणें भाग पडलें तर करूं द्यावें. अंगावरील खुणा राहिल्या आणि सोबत कागद राहिले, तर उडण्याची शक्ति गेल्यानें इतिहासाचें फारसें कांहीं जात नाहीं, या मतावर आम्ही तिघेंही अखेर आलों. निकेलचा मुलामा काढण्याचा विचारही आम्हीं सोडून दिला आहे. काकांची हौस हीही आतां त्या हत्याराच्या चरित्रांतील एक गोष्ट आहे. तिची नोंद आम्हीं टिपणांत केली आहे, आणि तिच्याखालीं मोहोर कशी पुसली गेली हेंही लिहिलें आहे.

वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं असें एखादें हत्यार असेल त्यांना आमची एवढीच विनंती आहे. तें उजळूं नका. परवान्याची मुदत पाहा. आणि घरांतील वडीलधारीं माणसें बोलतीं आहेत तोंवर त्यांना विचारून एक पान लिहून ठेवा : तें कोणीं घेतलें, कां घेतलें, कधीं झाडलें, कोणावर झाडलें. शेवटच्या प्रश्नाचें उत्तर ‘कोणावरही नाहीं’ असें निघालें तर तें पान फुलाखालीं ठेवण्यास योग्य आहे. आमच्या घरीं यंदाच्या खंडेनवमीस पाटावर रिव्हॉल्व्हर नव्हतें. तें त्या भावाच्या घरीं कुलुपांत होतें. त्याच्या जागीं आम्हीं आजोबांची काडतुसांची वही ठेवली, आणि तिच्याजवळ, नेहमींप्रमाणें, लेखणी.